व्यायल्यानंतरचे साठ दिवस : नीरा उजव्या कालव्याच्या पट्ट्यातील प्रकल्प नोंदी

४ ऑक्टोबर २०२४

फलटण तालुक्याचा पूर्व भाग आणि त्याला लागून असलेली माळशिरस तालुक्यातील काही गावे हे प्रकल्पाचे क्षेत्र आज निश्चित झाले. नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस आणि मका पिकवणारा हा पट्टा असून जवळपास प्रत्येक वस्तीवर संकरित होल्स्टिन गाई आहेत. बैठकीला आलेल्या पशुपालकांची तक्रार एकच होती: गाय उलटते. माजावर येते, कृत्रिम रेतन होते, तीन आठवड्यांनी पुन्हा माजावर येते, पुन्हा रेतन होते आणि असे करता करता दूध आटत येते, तरी गाय गाभण राहत नाही. डॉक्टरांना बोलावले जाते ते साधारणपणे व्यायल्यानंतरच्या चौथ्या-पाचव्या महिन्यात, तिसरे किंवा चौथे रेतन वाया गेल्यावर.

हा प्रकल्प उलटणाऱ्या गाईंवर उपचार करण्यासाठी नाही, हे बैठकीतच स्पष्ट केले. उलटणाऱ्या गाईंपैकी बऱ्याच गाईंचे दुखणे व्यायल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सुरू झालेले असते आणि काहींचे तर त्याआधी, भाकडकाळातच (दूध आटल्यापासून विण्यापर्यंतच्या काळात). म्हणून निरीक्षण तिथून सुरू करायचे आहे.

वेळेचा हिशोब मांडून दाखवला. गाईचा गर्भकाळ सरासरी २८० दिवसांचा असतो. वर्षाला एक वेत हवे असेल, तर व्यायल्यापासून ८५ दिवसांच्या आत गाय गाभण राहायला हवी. गर्भाशय पूर्ववत होण्यास सुदृढ गाईतही ४० ते ४५ दिवस लागतात आणि ६० दिवस पूर्ण होण्याआधी रेतन करू नये असा आमचा आग्रह आहे. उरतात २५ दिवस, आणि माजाचे चक्र २१ दिवसांचे असल्यामुळे या काळात हमखास मिळणारा माज एकच. जास्त दूध देणाऱ्या गाईसाठी तेरा महिन्यांचे अंतर चालते असे धरले, तरी हाताशी दोन किंवा तीन माज येतात. पहिल्या साठ दिवसांत गर्भाशय आजारी पडले, तर हे मोजके माज त्या आजारातच निघून जातात.

प्रत्येक गोठ्यात एक कार्ड लावायचे ठरले. त्यावर कानातील बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक, व्यायल्याची तारीख व वेळ, वार (गर्भाभोवतीचे वेष्टन) पडल्याची वेळ, पहिल्या दहा दिवसांचे सकाळचे तापमान, स्रावाचा रंग व वास आणि दिसलेला प्रत्येक माज यांची नोंद असेल. दूध अनुदानासाठी बिल्ल्याची नोंद सक्तीची झाल्यामुळे बहुतेक गाईंच्या कानात बिल्ला आधीच आहे, ही सोय झाली. शेवटच्या रकान्यावर मात्र वाद झाला. तिसाव्या दिवशी दिसलेल्या माजावर रेतन करायचेच नाही, तर तो लिहायचा कशाला, असा प्रश्न आला. तो माज म्हणजे अंडाशय कामाला लागल्याची खूण आहे आणि तिथून पुढे एकवीस-एकवीस दिवस मोजत साठ दिवसांनंतरचा माज कधी येईल हे आधीच सांगता येते, असे उत्तर दिले. ते किती जणांना पटले, हे कार्डे पाहिल्यावर कळेल.

१९ ऑक्टोबर २०२४

येत्या दोन महिन्यांत व्यायला होणाऱ्या गाई पाहिल्या. त्यांच्या शरीरस्थितीची एक (अगदी हडकुळी) ते पाच (अगदी लठ्ठ) या मापावर नोंद केली. व्यायला येताना गाय ३ ते ३.५ च्या दरम्यान असावी. इथे दोन्ही टोके दिसतात. काही गोठ्यांत सातवा महिना संपून आठवा लागला तरी दूध काढणे चालू आहे, कारण दोन्ही वेळचे मिळून चार-पाच लिटर दूध सोडून देणे जिवावर येते. अशा गाईंच्या बरगड्या दिसतात, कासेला विश्रांती मिळत नाही आणि व्यायच्या आधी अंग भरायला वेळ उरत नाही. गाय विण्याच्या दोन महिने आधी पूर्ण आटवावी, हे नव्याने सांगण्यासारखे नाही, पण कार्डावर आटवण्याच्या तारखेसाठी रकानाच ठेवलेला नाही. तो जोडावा लागेल.

दुसऱ्या टोकाला लठ्ठ गाई आहेत. या बहुतेक मागच्या वेतात उशिरा गाभण राहिलेल्या. दूध आटले, पण विण्याला अजून चार-पाच महिने अवकाश, अशा स्थितीत त्या उभ्या राहून मुरघास (हवाबंद करून आंबवलेला हिरवा चारा) खात राहिल्या आणि आता त्यांच्या शेपटीच्या मुळाशी चरबीच्या वळ्या आहेत. एका वेतातला उशीर पुढच्या वेतात कसा उतरतो, ते या गाईंकडे पुढे लक्ष ठेवले की दिसावे. त्यांपैकी एका वस्तीवरील लक्ष्मी ही तिसऱ्या वेताची गाय विशेष निरीक्षणासाठी घेतली. तिचा गुणांक ४ पेक्षा थोडा जास्त आहे.

चाऱ्याबाबत एक गोष्ट लगेच बदलण्यासारखी आहे. गाभण गाय म्हणून तिला हिरवागार लसूण घास भरपूर घालण्याची इथे पद्धत आहे. विण्याच्या आधीच्या तीन आठवड्यांत हा घास नडतो, कारण त्यात पोटॅशियम आणि कॅल्शियम दोन्ही जास्त असतात. पोटॅशियममुळे रक्त अल्कधर्मी बाजूला झुकते आणि हाडांतून कॅल्शियम बाहेर काढण्याची यंत्रणा सुस्त होते. मग व्यायल्याबरोबर चिकात एकदम कॅल्शियम जाऊ लागले, की रक्तातील पातळी सावरता येत नाही. या तीन आठवड्यांसाठी घास बंद, मक्याचा मुरघास व कडबा चालू आणि ज्या दोन गोठ्यांत मोजूनमापून खुराक देण्याची शिस्त आहे तिथे ऋणभारित क्षारांचे मिश्रण, असे ठरवले. हे क्षार रक्ताचा अल्कधर्मी कल कमी करतात आणि त्यांचा परिणाम लघवीच्या सामूवरून (पीएच) पाहता येतो. साधारणपणे तो ८ च्या आसपास असतो, तो या काळात ६.२ ते ६.८ वर यायला हवा. तपासणीसाठी पट्ट्या त्या दोन्ही गोठ्यांत ठेवल्या आहेत.

९ नोव्हेंबर २०२४

चांदणी, दुसरे वेत, काल संध्याकाळी व्याली. वासरू मोठे होते आणि तिघांनी ओढून काढावे लागले. आज दुपारी पोहोचलो तेव्हा वार लोंबत होती आणि तिला सुतळीने अर्धी वीट बांधलेली होती. वार साधारणपणे आठ तासांच्या आत पडते. बारा तास उलटून गेले की ती अडकली असे धरायचे.

घरातील आबांचे म्हणणे असे, की त्यांच्या लहानपणापासून वजन बांधले की वार पडते. वीट सोडायला लावली आणि कारण सविस्तर सांगितले, कारण ही पद्धत केवळ चूक आहे एवढे सांगून सुटत नाही. वार ही गर्भाशयाच्या आतील बटणांसारख्या गाठींना जागोजागी चिकटलेली असते. व्यायल्यानंतर ती सुटते ती वजनाने किंवा केवळ कळांनी नव्हे. गाईच्या रक्तातील पांढऱ्या पेशी त्या जोडांवर जातात, तिथला चिकटलेला भाग विरघळवतात आणि मग वार मोकळी होते. ज्या गाईच्या पांढऱ्या पेशी विण्याच्या आधीच्या आठवड्यांत अशक्त झालेल्या असतात, तिची वार अडकते. अशा गाईत ओढल्याने किंवा वजन बांधल्याने वार तुटते, आतला भाग तसाच राहतो, गाठींना जखमा होतात आणि कधीकधी मायांगच (गर्भाशयच) बाहेर येते. हात घालून वार सोडवण्याचेही हेच तोटे आहेत. अनेक ठिकाणी अजून ती लगेच हाताने काढून दिली जाते, कारण पशुपालकाला पैसे देताना काहीतरी काढलेले दिसावे लागते.

बाहेर लोंबणारा भाग मागील पायांच्या सांध्याच्या वर कापून घेतला. गर्भाशयात गोळ्या घातल्या नाहीत. गाईला ताप नाही आणि ती खात आहे, म्हणून अँटिबायोटिकही दिले नाही. पुढील दहा दिवस रोज सकाळी तापमान घेऊन कार्डावर लिहायचे आणि १०३ अंश फॅरनहाइटच्या वर गेले, किंवा गाईने वैरण सोडली, तर त्याच दिवशी फोन करायचा, हे गोठा पाहणाऱ्या वहिनींना समजावून सांगितले. तापमापक त्यांच्याकडेच ठेवला.

१२ नोव्हेंबर २०२४

वहिनींचा सकाळीच फोन आला: १०४.२ अंश, वैरण अर्धी शिल्लक, दूध एकदम कमी. तपासणीत पातळ, तांबूस-तपकिरी, दुर्गंधीयुक्त स्राव मिळाला. हा तीव्र गर्भाशयदाह आहे आणि बहुतेक वेळा तो पहिल्या दहा दिवसांतच उद्भवतो. निरोगी गाईतही दोन आठवड्यांपर्यंत तपकिरी स्राव जात राहतो, पण त्याला घाण वास नसतो आणि गाय आजारी दिसत नाही. रंगापेक्षा वास आणि गाईची तब्येत यांवरूनच निर्णय घ्यावा लागतो.

अँटिबायोटिक इंजेक्शनद्वारे, ताप व सूज कमी करणारे औषध आणि तोंडाने पाणी व क्षार असे उपचार सुरू केले. औषधाच्या वेष्टणावर दिलेल्या मुदतीपर्यंत दूध संकलन केंद्रावर घालायचे नाही, हेही कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहिले. ज्या पांढऱ्या पेशींच्या दुबळेपणामुळे वार अडकली, त्याच पेशी आता जंतूंशी लढण्यासाठी हव्या आहेत, त्यामुळे वार अडकलेल्या गाईत हा दाह वारंवार दिसणे स्वाभाविक आहे.

२८ नोव्हेंबर २०२४

गाळप हंगाम सुरू झाला आणि त्याबरोबर गोठ्यागोठ्यांत उसाचे वाढे (शेंड्याकडची हिरवी पाने) आले. ऊसतोड कामगारांकडून पेंढ्या विकत घेतल्या जातात. चारा स्वस्त आणि दारात मिळतो. पुढील चार महिने अनेक गाईंची हिरवी वैरण म्हणजे फक्त वाढे असेल. वाढ्यांत ऑक्झॅलेटचे प्रमाण जास्त असते. ते आतड्यातच कॅल्शियमला बांधून टाकते आणि खाल्लेले कॅल्शियम शेणावाटे निघून जाते. ताज्या व्यायलेल्या गाईला हे परवडत नाही.

दूधतापाने, म्हणजे रक्तातील कॅल्शियम एकदम घटल्याने, खाली बसलेली गाय सर्वांना दिसते आणि तिला वेळेत शिरेतून कॅल्शियम मिळाले तर ती काही तासांत उठून उभी राहते. न दिसणारा प्रकार त्याहून जास्त गाईंत असतो. गाय उभी असते, पण रक्तातील कॅल्शियम कमी असल्यामुळे पोटाची हालचाल मंद, गर्भाशयाचे आकुंचन मंद आणि पांढऱ्या पेशींचे कामही मंद. आतील घाण बाहेर टाकायची ती गर्भाशयाच्या आकुंचनानेच. म्हणजे वाढे आणि दोन महिन्यांनंतर उलटणारी गाय यांचा संबंध आहे, पण मध्ये इतके टप्पे असतात की गोठ्यात तो कुणाच्या लक्षात येत नाही.

वाढे पूर्ण बंद करा असे सांगण्यात अर्थ नाही, कुणी ऐकणार नाही. दुभत्या गाईंसाठी एकूण हिरव्या वैरणीत वाढे निम्म्याहून कमी, उरलेला मुरघास, वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडून मग कुट्टी आणि रोजच्या खुराकात खनिज मिश्रण, असा तोडगा काढला. विण्याच्या आधीच्या तीन आठवड्यांतील गाईंना मात्र वाढेही नाहीत आणि चुन्याची निवळीही नाही. खनिज मिश्रणाच्या पिशव्या बऱ्याच गोठ्यांत अर्ध्या वापरून ओलसर झालेल्या सापडतात. गाय माजावर आली नाही की आणायच्या आणि आली की विसरायच्या, असा त्यांचा वापर आहे.

आज पहाटे लक्ष्मी व्याली. वार सकाळीच पडली.

१५ डिसेंबर २०२४

लक्ष्मी व्यायल्याला आज सतरा दिवस झाले. दूध चांगले आहे, पण ती पेंड सोडते आणि कडबा तेवढा चघळते. शेण घट्ट आहे. पाठीवरची चरबी डोळ्यांना दिसेल इतकी उतरली आहे. लघवीची रोथेरा चाचणी केली. चूर्णावर लघवीचे थेंब पडताच गडद जांभळा रंग आला. ही कितनबाधा.

व्यायल्यानंतर दूध झपाट्याने वाढते आणि भूक त्या वेगाने वाढत नाही, त्यामुळे प्रत्येक दुभती गाय काही आठवडे अंगावरची चरबी जाळून दूध देते. लठ्ठ गाय विण्याच्या आधीपासूनच कमी खाते आणि नंतर जास्त चरबी एकदम उतरवते. तेवढी चरबी यकृताला पेलत नाही, अर्धवट जळलेल्या चरबीचे कितन पदार्थ रक्तात साठतात आणि भूक आणखी मरते. प्रजननावर याचा परिणाम थेट आहे. अंगात ऊर्जेची तूट असेपर्यंत मेंदूकडून अंडाशयाला जाणारे संप्रेरकांचे संदेश विरळ राहतात, अंडाशयावर बीज असलेले फोड वाढतात पण पक्व होऊन फुटत नाहीत आणि गाय माजावर येत नाही. पोट भरेपर्यंत शरीर पुढच्या गर्भाचा विचार करत नाही.

शिरेतून डेक्स्ट्रोज दिले आणि तोंडाने प्रोपिलीन ग्लायकॉल (ऊर्जा पुरवणारे द्रव) काही दिवस देण्यास सांगितले. या घरी बाळंत गाईला बाजरी, गूळ आणि मेथ्या शिजवून घालण्याची रीत आहे. ती थोड्या प्रमाणात चांगलीच आहे, गाय आवडीने खाते. पण गाय खात नाही म्हणून काकूंनी बाजरी वाढवत घमेलेभर केली होती. इतके शिजवलेले धान्य एका वेळी पोटात गेले तर आम्लता वाढून उरलीसुरली भूकही जाते. पुन्हा पहिल्या मापावर आणायला सांगितले. काकूंचे म्हणणे असे, की बाळंतिणीचा घास मोजू नये. त्यावर वाद घातला नाही. बाजरी दिवसातून तीन वेळांत विभागून घालू, यावर एकमत झाले.

१८ डिसेंबर २०२४

चांदणीची चाळिसाव्या दिवशीची तपासणी झाली. ताप उतरून बराच काळ झाला, दूध पूर्ववत आहे, घरच्यांच्या दृष्टीने गाय बरी झाली आहे. गर्भाशयाचा एक भाग अजून जाड लागतो आणि योनीतून पांढरा, पुवाचे धागे असलेला स्राव मिळाला. एकविसाव्या दिवसानंतरचा असा स्राव म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा दाह. डाव्या अंडाशयावर पक्व पीतपिंड (बीज सुटल्यानंतर तिथे तयार होणारी, पुढचा माज रोखून धरणारी गाठ) आहे, म्हणून प्रोस्टाग्लँडिनचे इंजेक्शन दिले. पीतपिंड विरघळतो, गाय माजावर येते, गर्भाशयाचे मुख उघडते आणि माजाच्या काळात गर्भाशयाची प्रतिकारशक्ती चांगली असल्यामुळे ते स्वतःच आतून स्वच्छ होते. या माजावर रेतन करायचे नाही, हे घरी आणि रेतन करणाऱ्या कार्यकर्त्यालाही सांगितले.

कार्ड नसते, तर ही गाय साठ दिवसांनंतर माजावर आली असती, रेतन झाले असते, उलटली असती आणि तिला उलटणारी गाय म्हणून तिसऱ्या रेतनानंतर दाखवले गेले असते.

७ जानेवारी २०२५

गर्भाशयाचा छुपा दाह ओळखण्याची व्हाइटसाइड चाचणी क्षेत्रात वापरायला सुरुवात केली. माजावरील गाईचा सोट (योनीतून येणारा चिकट स्राव) परीक्षानळीत घ्यायचा, त्यात तेवढेच १० टक्के सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण मिसळायचे आणि उकळी येईपर्यंत तापवायचे. मिश्रण रंगहीन राहिले तर गर्भाशय स्वच्छ, पिवळे झाले तर सोटात पांढऱ्या पेशी आहेत, आणि पिवळेपणा जितका गडद तितका दाह जास्त. खर्च नगण्य आहे. मुख्य उपयोग अशा गाईंमध्ये आहे, ज्यांचा सोट डोळ्यांना काचेसारखा स्वच्छ दिसतो, माज वेळेवर येतो, तपासणीत काही सापडत नाही आणि तरीही त्या उलटतात. आज तपासलेल्या अशा दोन्ही गाईंचा सोट पिवळा झाला. दोघींच्या घरी चौकशी केली असता वार उशिरा पडल्याचे आठवले, पण किती तासांनी, हे सांगता आले नाही. त्या कार्डे लावण्याआधी व्यायलेल्या आहेत.

२१ जानेवारी २०२५

एका गोठ्यात सातव्या महिन्यात गाय गाभडली आणि वार अडकली. गर्भकाळाच्या शेवटच्या तिमाहीत गाभडणे आणि वार अडकणे एकत्र आले की ब्रुसेल्ला या जंतूमुळे होणाऱ्या सांसर्गिक गर्भपाताचा संशय आधी घ्यायचा. हा आजार माणसालाही होतो. हातमोज्यांशिवाय कुणीही हात लावू नये, गर्भ व वार चुना टाकून खोल पुरावी, कुत्र्यांना मिळू देऊ नये, जागा जंतुनाशकाने धुवावी आणि या गोठ्यातील दूध न तापवता कुणी पिऊ नये, अशा सूचना दिल्या. रक्ताचे नमुने घेतले असून ते पशुसंवर्धन विभागाच्या दवाखान्यामार्फत तपासणीला जातील. गोठ्यातील चार ते आठ महिने वयाच्या कालवडींचे लसीकरण झाले आहे का ते विचारले. दोघींचे राहिले आहे. ही लस आयुष्यात एकदाच, फक्त मादी वासरांना आणि याच वयात दिली जाते. वय उलटून गेले की संधी जाते.

११ फेब्रुवारी २०२५

कार्डांवरील माजाचा रकाना सर्वांत रिकामा आहे, पण सगळीकडे सारखा नाही. मुक्त संचार गोठ्यात तो भरलेला आहे आणि दावणीला बांधलेल्या गाईंच्या गोठ्यात कोरा. माजावरची गाय दुसऱ्या गाईला आपल्या पाठीवर उडू देते, हे माजाचे सर्वांत खात्रीचे लक्षण आहे आणि दावणीवर ते दिसण्याचा प्रश्नच नाही. तिथे सोट, हंबरणे, दूध चोरणे आणि वारंवार थोडीथोडी लघवी यांवरच भिस्त ठेवावी लागते. त्यातही जास्त दूध देणाऱ्या गाईचा माज आखूड असतो. ती खाते भरपूर, यकृतातून रक्त वेगाने फिरते आणि माजाचे संप्रेरक तितक्याच वेगाने नाहीसे होते. बारा ते अठरा तासांचा माज आठ तासांवर येतो आणि तोही पुष्कळदा रात्री.

रात्री नऊनंतर, रवंथ करत बसलेल्या गाईंच्या मागे बॅटरी घेऊन एक फेरी मारावी, असे सुचवले. बसलेल्या गाईचा सोट जमिनीवर सांडलेला दिसतो. ही फेरी प्रत्यक्षात मारतात त्या घरातील स्त्रिया, आणि ज्या कार्डांवर माज नोंदलेले आहेत त्यांवरील अक्षर बहुतेक त्यांचेच आहे. तरी पशुपालकांच्या प्रशिक्षणाला बोलावणे जाते ते घरातील पुरुषाच्या नावाने. पुढील बैठक दुपारी दोन ते चार या वेळात आणि वस्तीवरच घ्यावी, म्हणजे धारा आणि स्वयंपाक यांच्या मधल्या वेळात त्यांना येता येईल.

सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हा नियम सर्वांना पाठ आहे. अडचण अशी, की नियम माज दिसल्यापासून मोजतो आणि गाय माज सुरू झाल्यापासून. सकाळी सहाला दिसलेला माज रात्री दहाला सुरू झालेला असू शकतो.

चांदणीचा सोट २ फेब्रुवारीला चाचणीत रंगहीन राहिला आणि त्याच माजावर तिचे पहिले रेतन झाले.

५ मार्च २०२५

चांदणी २३ फेब्रुवारीला उलटली आणि त्याच दिवशी दुसरे रेतन झाले. एकविसाव्या दिवशी उलटणे म्हणजे चक्र नियमित चालू आहे. काळजी करण्यासारखे काही नाही.

लक्ष्मी मात्र ९७ दिवस उलटूनही माजावर नाही. घरच्यांनी मध्यंतरी बाहेरून आणून प्रोस्टाग्लँडिनचे इंजेक्शन टोचून घेतले होते आणि उपयोग झाला नाही म्हणून औषधच खोटे असा त्यांचा समज झाला. तपासणीत दोन्ही अंडाशये लहान व गुळगुळीत लागली, पीतपिंड कुठेच नाही. या औषधाला विरघळवायला पीतपिंड लागतो, तोही माजानंतर किमान पाच-सहा दिवसांचा. अंडाशय निपचित असेल, तर ते औषध म्हणजे नुसता खर्च. याच्या उलट धोका अधिक मोठा आहे. माजावर न येणारी गाय गाभण असेल आणि हेच इंजेक्शन टोचले, तर ती गाभडते. म्हणून हात घालून तपासल्याशिवाय हे औषध कुणीही देऊ नये, ही सूचना आता कार्डाच्या मागील बाजूला छापत आहोत.

मुका माज (बाहेर लक्षणे न दिसणारा) असलेली गाय आणि खरोखर माजहीन गाय यांत फरक करण्यासाठी दहा दिवसांच्या अंतराने दोन तपासण्या लागतात. लक्ष्मीचा कार्डावरचा पूर्वेतिहास आणि आजची स्थिती पाहता ती दुसऱ्या प्रकारातील आहे. तिची भूक आता पूर्ववत आहे आणि अंग उतरणे थांबले आहे, त्यामुळे संप्रेरकांचा उपयोग होण्याची शक्यता आहे. भूक सुधारण्याआधी हे केले असते, तर फारसे काही साधले नसते. योनीमार्गात सात दिवस प्रोजेस्टेरॉनचे साधन बसवायचे. ते बसवताना पहिले जीएनआरएच (अंडाशयाला चालना देणारे संप्रेरक), सातव्या दिवशी साधन काढून प्रोस्टाग्लँडिन, नवव्या दिवशी दुसरे जीएनआरएच आणि त्यानंतर सोळा ते अठरा तासांनी ठरलेल्या वेळी रेतन, असा क्रम ठरवला. माज दिसण्याची वाट पाहायची नाही, हा या पद्धतीचा दावणीवरच्या गाईंसाठी मोठा फायदा आहे. मात्र तारखा आणि वेळा चुकल्या तर काहीच हाती लागत नाही, म्हणून त्या काकूंच्या फोनमध्ये गजर लावून दिल्या. पुढील आठवड्यात सुरुवात करायची आहे.

९ एप्रिल २०२५

उन्हाचा तडाखा वाढला आहे. तापमान व आर्द्रता यांचा निर्देशांक ७२ च्या वर गेला, की होल्स्टिन रक्ताच्या गाईला ताण जाणवू लागतो आणि इथे दिवसाचा बराचसा भाग तो त्याहून वर असतो. गाई दुपारी खात नाहीत, माज आणखी मुका होतो आणि रेतन झाले तरी पहिल्या आठवड्यातील गर्भ उष्णतेला तग धरत नाही. पत्र्यावर उसाचे पाचट, दुपारी फॉगर (पाण्याचे बारीक तुषार सोडणारे यंत्र) आणि सोबत पंखा, हिरव्या वैरणीची मोठी पाळी रात्री. पंख्याशिवाय नुसता फॉगर लावलेल्या गोठ्यात ओल साचून कासेची दगडी (कासेला सूज येणारा आजार) वाढते, म्हणून एकच घ्यायचे असेल तर पंखा घ्या असे सांगतो आहे.

२ जून २०२५

२५ मेच्या सुमारास फलटण-बारामती भागात झालेल्या अतिवृष्टीमुळे गर्भतपासण्या पुढे ढकलाव्या लागल्या होत्या, त्या आज पूर्ण केल्या. चांदणी दुसऱ्या रेतनाची गाभण आहे. व्यायल्यापासून १०७ व्या दिवशी ती गाभण राहिली, म्हणजे दोन वेतांतील अंतर तेरा महिन्यांच्या आत बसेल. वार अडकून गर्भाशयदाह झालेल्या गाईसाठी हे समाधानकारक आहे. लक्ष्मी ठरलेल्या वेळच्या रेतनावर राहिली नाही, पण त्यानंतर तिचे चक्र सुरू झाले आणि एप्रिलमधील नैसर्गिक माजावर ती गाभण राहिली. ती पुन्हा लठ्ठ होण्याचा धोका आहे, कारण तिचे दूध गर्भकाळाच्या मध्यालाच कमी होईल. खुराक दुधाच्या प्रमाणात उतरवत नेण्याचा तक्ता काकूंना दिला आहे.

कार्डांची छाननी सुरू आहे. ज्या गोठ्यांत पहिल्या दहा दिवसांचे तापमान नियमित लिहिले गेले, तिथे गर्भाशयदाह लवकर सापडला, हे कार्डांवरून स्पष्ट दिसते. खाद्यातील बदलाचा परिणाम वेगळा काढून दाखवण्याइतक्या नोंदी मात्र एका हंगामात जमलेल्या नाहीत, कारण तेच पशुपालक चारा आणि नोंदी या दोन्हींत काटेकोर आहेत. पुढील हंगामासाठी वाढ्यांचे प्रमाण दर आठवड्याला लिहिणारा वेगळा रकाना ठेवत आहोत आणि आटवण्याची तारीख कार्डाच्या पहिल्या ओळीत घेत आहोत. ऑक्टोबरमध्ये व्यायला होणाऱ्या गाई ऑगस्टमध्ये आटवाव्या लागतील, त्यामुळे नवी कार्डे जुलै संपण्यापूर्वी गोठ्यांत पोहोचली पाहिजेत. छपाईचा मजकूर या आठवड्यात पाठवायचा आहे.